जकार्ताला गेलेला मुराळी

जकार्ताहून परत आल्यापासून चाळीसगावात जो भेटतो तो मला एकच विचारतो, काय काय पाहिलं. माझं तिथे पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे, घर जवळच्या खेड्यात. जळालेली मोटार खांद्यावरून आणणारा शेतकरी ती खाली ठेवायच्या आधीच विचारतो. न्हावी तर मान हातात धरून विचारतो. सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं म्हणून हे लिहितो आहे. मी जकार्ता पाहायला गेलो नव्हतो. मी मुराळी म्हणून गेलो होतो. मुराळ्याला काय पाहिलं असं विचारत नसतात, बहीण आणली का, एवढंच विचारतात. ते मात्र कोणी विचारत नाही, कारण ते आधीच सगळ्यांना कळलेलं आहे.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसवतात, झाडाला झोके बांधतात आणि दुपारभर कोणाचं काही ऐकत नाहीत. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचा कोणीतरी तिला घ्यायला जातो. भाऊ नसला तर चुलतभाऊ, तोही नसला तर भावकीतला कोणी. तो मुराळी, आमच्या बोलीत मुराई. आजवर मुराळी बैलगाडीने गेले, सायकलवर गेले, एसटीच्या टपावर बसूनही गेले. विमानाने गेलेला माझ्या माहितीत मीच पहिला, आणि देव करो, शेवटचा.

माझी धाकटी बहीण शोभा. तिचे यजमान दिनकरराव सूतगिरणीत स्पिनिंग मास्तर. लग्न झालं त्याच वर्षी त्यांना जकार्ताच्या एका गिरणीने बोलावून घेतलं. कापूस आपल्याकडे, सूतकताई शिकलेली माणसं आपल्याकडे, आणि सूत काढायचं समुद्रापलीकडे, याचाही मला तेव्हा राग आला होता, तो वेगळा. शोभाची पहिली आखाजी हुकली. दुसरीही हुकली. तिसरी यायच्या आधी धुळ्याला एका लग्नात माझ्या आईने विहिणीला सहज विचारलं, की यंदा तरी लेक येईल का. त्यावर विहीणबाई भर मांडवात म्हणाल्या, "मुराई येवाशिवाय सून धाडानी आमनी रीत नही. मंग ती धुळाले ऱ्हावो नहीते समुद्रना पलिकडे."

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. माझी आई पदर सावरून उठली आणि जेवणाला न थांबता घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने मला पासपोर्ट कुठे मिळतो ते विचारलं. ट्रंककॉल लावला तर लाइन इतकी खरखरत होती की मी येतोय आणि अमुक विमानाने येतोय एवढंच दिनकररावांना कळलं. कशाला येतोय ते सांगायची गरज मला वाटली नाही. आखाजीच्या तोंडावर बायकोचा भाऊ दारात येतो तो कशाला येतो, हे खानदेशी माणसाला सांगावं लागतं का?

हवेतून

विमानाबद्दल लोक फार कौतुकाने बोलतात. मी कौतुक करण्यासारखं काही पाहिलं नाही. आमच्या एसटीत तीन माणसांच्या बाकावर चार बसतात आणि तरी गुडघे मोकळे राहतात. इथे एकाच्या जागेवर एक बसून गुडघे पुढच्याच्या पाठीत. धूम्रपानाच्या रांगा माझ्या बरोब्बर मागच्या रांगेपासून सुरू होत होत्या. तुझी हद्द इथपर्यंत, असं धुराला कोणी सांगितलेलं नसावं. सिंगापूरला विमान बदलेपर्यंत मी न ओढताच अर्धं पाकीट ओढलं होतं.

मुंबईच्या काउंटरवर मी शाकाहारी म्हणून दोनदा सांगितलं होतं. वर गेल्यावर थाळी आली ती माशाची. मी हवाई सुंदरीला बोलावून सांगितलं. ती हसली, थाळी घेऊन गेली, मासा उचलून ठेवला आणि तोच भात परत आणून दिला. पुन्हा हसली. मी पाव आणि लोण्यावर वेळ मारून नेली. आईने बांधून दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा मांडीवर होता, पण तो शोभाचा होता, त्यातली एकही उष्टी करायची नव्हती. शेजारचा गृहस्थ त्या डब्याकडे सारखा बघत होता. त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

कानाला दडे बसलेल्या अवस्थेत मी जकार्ताला उतरलो. दारातून बाहेर पडताच लवंगेचा वास आला. तिथले लोक बिडी-सिगारेटीत लवंग घालतात आणि सबंध विमानतळाला, खुर्च्यांना, नोटांना तो वास येतो. पासपोर्ट बघणाऱ्याने विचारलं, टुरिस्ट? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, नाही, बहिणीला न्यायला आलो. त्याने ऐकून घेतलं आणि टुरिस्टचाच शिक्का मारला. पुढे कस्टमवाल्याने डबा उघडायला लावला. रमझान चालू होता, त्याचा रोजा असणार. त्याने सांजोरीचा वास घेतला, दोन उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि संध्याकाळसाठी ड्रॉवरमध्ये ठेवून दिल्या. विचारणं नाही, काही नाही. माझ्या आईच्या सांजोऱ्या जकार्ताच्या सरकारी ड्रॉवरमध्ये गेल्या.

शोभा काचेपलीकडे उभी होती. अंगाने भरली होती, म्हणजे खाऊनपिऊन बरी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती आधी माझ्या हातातल्या डब्याकडे बघून हसली, मग माझ्या पाया पडायला वाकली, आणि वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

वाट पाहणं

गिरणीची वसाहत शहराबाहेर. घर चांगलं होतं, लाल फरशीचं. न्हाणीघरात पाण्याचा चौकोनी हौद आणि प्लास्टिकचा तांब्या, बसून अंघोळ करायची. एवढी एकच गोष्ट त्या देशात मला पहिल्या दिवसापासून पटली.

इथे रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावाकडे मुराळी तोंडाने मागत नाही. तो येतो, पाय धुतो, पाणी पितो, जेवतो आणि गप्प बसतो. मग त्या घरातला कर्ता माणूस खाकरतो आणि विचारतो, मग, कधी निघायचं म्हणता? त्यांनी आपण होऊन म्हटलं की लेकीला मान मिळाला. मुराळ्यानेच विचारलं तर ते याचना केल्यासारखं होतं, आणि त्यावर नाही म्हटलं गेलं तर तो सगळ्या भावकीचा अपमान. म्हणून मी पाय धुतले, पाणी प्यायलो, जेवलो आणि गप्प बसलो.

शोभा वाढताना हळूच विचारत होती. कोणकोण येऊन पोचल्या, निंबले नवा दोर बांधा का, यंदा गौराई कोणाकडे. मी सांगत होतो. तेवढ्यात दिनकरराव खाकरले. मी सरळ बसलो. शोभा हातात भाताची पळी घेऊन थांबली.

"भाऊ, उद्या तुम्हाला शहर दाखवतो," दिनकरराव म्हणाले.

प्रवासाचा शीण म्हणून आज विषय काढला नसेल, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गिरणीच्या गाडीतून हिंडवलं. शहराच्या मधोमध एक उंच खांब आहे आणि त्याच्या टोकाला सोन्याची ज्योत. एवढं सोनं एवढ्या उंचावर, जिथे कोणाला नीट दिसतही नाही. खाली रस्त्यात आपल्याकडच्यासारख्याच तीनचाकी रिक्षा, तेवढाच आवाज आणि तेवढाच धूर करणाऱ्या. एवढ्या लांब येऊन रिक्षाचाच धूर खायचा तर धुळं काय वाईट होतं? एका चौकात अर्जुनाचा रथ आहे, घोडे उधळलेले, पुढे सारथी कृष्ण. मुसलमानांच्या शहरात महाभारत बघून कोणालाही नवल वाटावं. मला कृष्णाचा हेवा वाटला. त्याच्या बहिणीचा नवरा निदान बोलला तरी होता.

तिथे नवऱ्याला सुआमी म्हणतात, बायकोला इस्त्री. दिनकरराव हे मोठ्या अभिमानाने सांगत होते, जणू त्यांनीच शिकवलं. मी म्हटलं, शब्द नेले तसे रीतीभाती पण न्यायच्या. हा टोला त्यांना लागावा म्हणून मारला होता. ते मनापासून हसले.

जेवणाबद्दल एवढंच सांगतो की तिन्ही वेळा भात. भाकरीचं नाव नाही. शेंगदाण्याची आमटी म्हणावी अशी एक गोष्ट ते उकडलेल्या भाज्यांवर ओततात, ती मात्र खानदेशी जिभेला लागते, आणि दगडाच्या वाटीत रगडलेल्या त्यांच्या मिरच्या आपल्या ठेच्याच्या सख्ख्या बहिणी. पण केळी! माझा सगळा धंदा केळीच्या बागांतल्या मोटारींवर चालतो. केळ कसं खायचं हे मला कोणी शिकवू नये. तिथे केळ्यांना पिठात बुडवून तेलात तळतात. रोजा सोडताना गुळाच्या आणि नारळाच्या दुधात शिजवून पितात. शेजारच्या बाई, फार चांगल्या, त्यांनी माझ्यासाठी भांडंभर पाठवलं. मी खाल्लं, संपवलंही, पण ते केळ्यांवर केलेले अत्याचार आहेत हे माझं मत अजून कायम आहे.

तिसऱ्या दिवशी दिनकरराव खाकरले आणि म्हणाले की उद्या प्राणिसंग्रहालय. तळपायाची आग मस्तकात गेली. गावाकडे आखाजी तोंडावर आलेली, झोके बांधले गेलेले, माझी आई रोज ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असणार, आणि हा गृहस्थ मला गेंडा दाखवायला निघालेला. मी गेलो. गेंडाही गप्प उभा होता.

परत येताना बसस्टँडवरून आलो. त्यांची ईद येऊ घातली होती, आणि या ईदेला सगळं जकार्ता आपापल्या गावी जातं. मी असा लोंढा जन्मात पाहिला नाही. घरकाम करणाऱ्या, गिरणीतल्या, दुकानांतल्या पोरी, डोक्यावर खोकी, हातात दोरीने बांधलेली बोचकी, बसच्या खिडकीतून आत चढणाऱ्या. शोभा आमच्याबरोबर होती. तिच्या ओळखीच्या दोघी गिरणीतल्या पोरी भेटल्या, तिने त्यांना विचारलं, त्यांनी गावाचं नाव सांगितलं, कुठेतरी दिवस-दीड दिवसाच्या वाटेवर. त्या चढल्या, बस हलली, आणि शोभा धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभी राहिली. दिनकररावांनी तिला दोनदा हाक मारली.

त्या संध्याकाळी शोभाने लवकर पानं घेतली. जेवण झालं. दिनकरराव पुन्हा खाकरले. म्हणाले की त्यांना आता सुट्टी लागते आहे, तर निघायच्या आधी मला एक ज्वालामुखी दाखवून आणावा, अजून धूर निघतो त्यातून.

मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हटलं, दिनकरराव, ज्वालामुखी बघायला मला एवढ्या लांब यायची गरज नव्हती. मी मुराळी म्हणून आलो आहे. माझ्या आईने सण सोडून मला पाठवलं आहे ते गेंडे मोजायला नाही. तुमच्या घरात सोयऱ्याची एवढीच किंमत असेल तर तसं सांगा, मी उद्याच निघतो.

दिनकररावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अहो भाऊ, परतीच्या विमानात तुमच्या शेजारची जागा मी केव्हाच राखून ठेवली आहे. तुम्ही म्हणाल म्हणून रोज वाट बघतोय. आमच्या आईने फोनवर बजावलं होतं, आपण होऊन घेऊन जा म्हणू नका, सोयरे म्हणतील यांना सून जड झाली. मुराळी मागेल तेव्हाच द्यायची."

म्हणजे धुळ्याकडची रीत मुराळ्याने मागायची, आणि आमच्याकडची त्याने मागायचं नाही. एकाच खानदेशात, एका एसटीच्या अंतरावर! मी म्हटलं, ही कुठली रीत. ते म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्यांची. मी म्हटलं, आमचीही पिढ्यान्‌पिढ्यांचीच. आवाज चढले. शेजारच्या बाई दारातून डोकावून गेल्या. शेवटी दिनकररावांनी हात जोडले आणि म्हणाले, झालं ते झालं, आता न्या, आनंदाने न्या. माझाही राग उतरायला लागला. मी शोभाकडे वळून म्हटलं, चल, बॅग भर.

शोभा आत गेली आणि भरलेली बॅग घेऊन बाहेर आली. ती तिने आम्हा दोघांच्या मधे फरशीवर ठेवली.

"तू येवाना शे हाई समजनं त्याच दिन मी बॅग भरी ठेयी," ती म्हणाली. "भाऊ, तू यासनी वाट पाही ऱ्हायना, ह्या तुनी पाही ऱ्हायनात. माले कोनी इचारं का, शोभा, तुले जावानं शे का?"

दिनकरराव म्हणाले, अगं, तुला जायचंच आहे हे माहीत होतं. मीही तेच म्हटलं. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिथेच खाली बसून बॅग उघडली. नवं लुगडं काढलं, आईसाठी घेतलेलं. बांगड्यांची खोकी काढली, एकेका मैत्रिणीचं नाव घालून ठेवलेली. सगळं तिने माझ्या पिशवीत घातलं. स्वतःचे कपडे उचलून कपाटात ठेवून आली.

"मी येसू. पन मनी मी येसू. माले लेवाले कोनी येवानं नही, आनि माले कोनी धाडानंबी नही. मायले हाई सांग."

मी समजावलं. दटावलं. आई ओट्यावर बसून असेल, असं सांगितलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पण बाहेर आली ती तोच चेहरा घेऊन. दिनकरराव रडकुंडीला आले. निघायच्या दिवशी तिने मला वाटेसाठी दशम्या करून दिल्या, विमानतळावर आली, पाया पडली. मी आशीर्वाद दिला, पण रागातच दिला, हे मी लपवत नाही.

विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. धुराच्या रांगेतला एक जण पुढे येऊन बसू बघत होता. मी त्याला सांगितलं, जागा धरलेली आहे. हवाई सुंदरीनेही विचारलं, तिलाही तेच सांगितलं. सिंगापूरपर्यंत त्या जागेवर मी कोणाला बसू दिलं नाही, आणि माझी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

आखाजीच्या दिवशी दुपारी मी गावच्या फाट्यावर उतरलो. मुराळी हात हलवत परत येताना काय वाटतं ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. झोक्यावरच्या बायकांनी मला लांबून पाहिलं आणि गाणं थांबवलं. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मग एकमेकींकडे. आई ओट्यावरून उठली होती. तिनेही माझ्या मागे पाहिलं, रस्ता संपेपर्यंत पाहिलं, आणि परत बसली.

मी पाणीही न पिता तिला सगळं सांगितलं. दिनकररावांचं खाकरणं, गेंडा, विहीणबाईंची रीत, शोभाचा हट्ट. गेल्या आठवडाभराचा सगळा राग त्या ओट्यावर ओतला. म्हटलं, एवढा मुलूख तुडवून गेलो, आणि पोरगी म्हणते मला घ्यायला कोणी यायचं नाही. तुझ्या लाडाने ती अशी झाली.

आईने लुगडं मांडीवर घेतलं होतं. त्याच्या काठावरून बोट फिरवत तिने शोभा काय बोलली ते पुन्हा सांगायला लावलं, जसंच्या तसं. मी सांगितलं. तिने लुगड्याची घडी मोडून परत घातली. मग तिने विचारलं, "इमानमा एकली बाईले बसू देतस का?"

"देतस," मी म्हटलं. "तिकीट ऱ्हायनं का कोनलेबी बसू देतस."

"मंग तू कसाले गयथा?"

ती टोमणा मारत नव्हती. उत्तर मिळेपर्यंत ती माझ्याकडे बघत बसली.